मायक्रोफोनसमोर गप्प राहण्याची कला

समालोचकाला बोलण्याचे पैसे मिळतात. रिची बेनॉ यांना ते गप्प राहण्याचे मिळत होते, असे कुणी म्हटले तर ती थट्टा असली तरी खोटी नव्हे. १० एप्रिल २०१५ रोजी सिडनीत वयाच्या ८४ व्या वर्षी झोपेतच त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनी शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याची तयारी दर्शविली होती. कुटुंबीयांनी ती नम्रपणे नाकारली आणि मोजक्या आप्तेष्टांच्या उपस्थितीत हा माणूस निरोप घेऊन गेला. गाजावाजा टाळण्याची ही रीत त्यांच्या साऱ्या कारकिर्दीला साजेशीच होती.

बेनॉ जाऊन आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात क्रिकेटचे प्रक्षेपण किती तरी पुढे गेले. कॅमेरे वाढले, भाषा वाढल्या, समालोचकांची संख्या तर विचारूच नये. तरीही चांगले समालोचन म्हणजे काय, असा प्रश्न निघाला की जुनेजाणते प्रेक्षक आजही याच नावापाशी येऊन थांबतात. असे का व्हावे, याचे उत्तर केवळ स्मरणरंजनात सापडत नाही. बेनॉ यांची एक पद्धत होती. ती त्यांनी कष्टाने कमावली होती, आणि ती नीट समजून घेता येते.

भारतीय प्रेक्षकाशी त्यांची ओळख झाली ती प्रामुख्याने पहाटेच्या वेळी. ऑस्ट्रेलियातील कसोटी सामना तिथल्या सकाळी सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पाच-साडेपाच वाजलेले असतात. चॅनेल नाइनचे चित्रण आपल्या घरांत पोचू लागले तेव्हा मुंबई-पुण्यातल्या चाळींत आणि फ्लॅटांत घरातले बाकीचे झोपलेले असताना आवाज अगदी बारीक ठेवून सामने पाहिले जात. पांढऱ्याशुभ्र केसांचा, फिकट क्रीम रंगाचा कोट घातलेला एक वृद्ध गृहस्थ पडद्यावर येई, ‘मॉर्निंग, एव्हरीवन’ एवढेच म्हणे आणि कामाला लागे. आवाज बारीक ठेवूनही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत असे. याचे एक कारण असे की शब्दच थोडे असत.

लेगस्पिनरचा मुलगा

६ ऑक्टोबर १९३० रोजी न्यू साउथ वेल्समधील पेनरिथ येथे रिचर्ड बेनॉ यांचा जन्म झाला. घराणे मूळचे फ्रेंच ह्यूगनॉ. वडील लू बेनॉ हे शाळामास्तर आणि लेगस्पिन गोलंदाज. एका स्थानिक सामन्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे दोन्ही डावांतील सर्व वीस बळी एकट्याने टिपले होते. मुलाने लेगस्पिन उचलली यात नवल नव्हते. धाकटा भाऊ जॉन हाही पुढे ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळला.

खेळाडू म्हणून बेनॉ यांचे मोठेपण आज काहीसे झाकले गेले आहे, कारण दोन-तीन पिढ्यांनी त्यांना फक्त समालोचक म्हणूनच पाहिले. ६३ कसोटी, २४८ बळी, २२०१ धावा. कसोटीत दोनशे बळी आणि दोन हजार धावा असा दुहेरी टप्पा गाठणारे ते पहिले खेळाडू. २८ कसोटींत नेतृत्व करून त्यांनी फक्त चार गमावल्या आणि कर्णधार म्हणून एकही मालिका हरले नाहीत. सुरुवात मात्र संथ होती. १९५२ मध्ये पदार्पण केल्यानंतर चार-पाच वर्षे ते चाचपडतच होते. चेंडू वळवून वळवून बोटांची सालपटे निघत. १९५७ च्या दौऱ्यात न्यूझीलंडमधील टिमारू या गावच्या एका औषध दुकानदाराने त्यांना बोटांवर लावायला एक साधा लेप सुचविला, आणि त्यानंतर हा त्रास थांबला. एका मोठ्या गोलंदाजाच्या कारकिर्दीत असा एखादा गावातला औषधवाला किती निर्णायक ठरतो, हे आकडेवारीच्या पुस्तकात कुठेही नोंदलेले नसते.

भारताशी त्यांचा संबंध याच उमेदवारीच्या काळातला. १९५६ मध्ये इंग्लंडहून परतताना ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात तीन कसोटी खेळला. मद्रासला बेनॉ यांनी एका डावात ७२ धावांत ७ बळी घेतले, तर कलकत्त्याला सामन्यात ११. पुढे १९५९-६० मध्ये ते कर्णधार म्हणून आले. दिल्लीच्या पहिल्या डावात त्यांचे पृथक्करण ३.४ षटके, ३ निर्धाव, शून्य धावा, ३ बळी असे होते. आजही ते छपाईतील चूक वाटते. त्याच दौऱ्यात कानपूरला जसू पटेल यांनी एका डावात ९ बळी घेतले आणि गुलाबराय रामचंद यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय नोंदविला. कर्णधार बेनॉ यांच्या चार पराभवांपैकी हा एक.

मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवरील त्या मालिकेतील कसोटीची एक आठवण समालोचनाच्या विषयात हमखास निघते. अब्बास अली बेग अर्धशतक झळकावून तंबूकडे परतत असताना एका तरुणीने मैदानात धाव घेऊन त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. त्या वेळी नभोवाणीवर असलेले विजय मर्चंट, आपण शतके आणि द्विशतके काढत होतो तेव्हा या धाडसी तरुणी कुठे होत्या कोण जाणे, असे म्हणाल्याचे सांगितले जाते. प्रतिस्पर्धी कर्णधार होते बेनॉ. चांगल्या समालोचकाला विनोद करावा लागत नाही, तो घडलेल्या गोष्टीत सापडतो, याचे ते नामी उदाहरण.

१९६० च्या डिसेंबरमधील ब्रिस्बेनची बरोबरीत सुटलेली कसोटी आणि १९६१ चा मँचेस्टरचा विजय या दोन गोष्टींचा इथे उल्लेख हवा, कारण त्यांत पुढचा समालोचक दिसतो. ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी चहापानाच्या वेळी ऑस्ट्रेलियाचे सहा गडी बाद झाले होते आणि विजयासाठी १२४ धावा हव्या होत्या. निवड समितीचे अध्यक्ष डॉन ब्रॅडमन यांनी विचारले, आता काय बेत? जिंकायचा, असे बेनॉ यांनी सांगितले. ॲलन डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी सामना जवळजवळ जिंकूनच दिला होता. मँचेस्टरला इंग्लंडची १ बाद १५० अशी भक्कम स्थिती होती आणि २५६ धावांचे लक्ष्य आवाक्यात आले होते. आदल्या संध्याकाळी रे लिंडवॉल यांच्याशी बोलून बेनॉ यांनी ठरविल्याप्रमाणे राउंड द विकेट येऊन वेगवान गोलंदाजांच्या पावलांनी उकरलेल्या जागेत चेंडू टाकायला सुरुवात केली. पीटर मे पायामागून शून्यावर त्रिफळाचीत झाले. बेनॉ यांनी सहा बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ५४ धावांनी जिंकली. कुठल्या जागी काय घडू शकते, हे घडण्याआधी पाहण्याची ही दृष्टी. हीच त्यांनी पुढे कॅमेऱ्यामागे वापरली.

‘धावते वर्णन’ आणि ‘समालोचन’

मराठीत या व्यवसायासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक त्या दोन निरनिराळ्या कला आहेत. नभोवाणीवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसते. गोलंदाज धावत निघाला, फलंदाजाने बॅट उचलली, चेंडू कव्हर्समधून गेला, हे सारे शब्दांनीच उभे करावे लागते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून जे केले ते धावते वर्णन. तिथे क्षणभर थांबले तर श्रोत्याचे मैदानच नाहीसे होते. दूरचित्रवाणीवर परिस्थिती नेमकी उलटी. प्रेक्षकाला सारे दिसते आहे. त्याला जे दिसते तेच पुन्हा सांगणे म्हणजे त्याला आंधळा समजणे. इथे हवे असते समालोचन, म्हणजे दिसलेल्या गोष्टीचा अर्थ.

हा फरक बेनॉ यांना फार लवकर उमगला, आणि तो आपोआप उमगला नाही. १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर संघातील बाकी मंडळी सुटीवर गेली. हा २५ वर्षांचा लेगस्पिनर, ज्याचे संघातील स्थानही तेव्हा पुरते पक्के नव्हते, लंडनमध्ये थांबला आणि बीबीसीच्या दूरचित्रवाणी प्रशिक्षणवर्गात बसला. गोल्फचे हेन्री लाँगहर्स्ट, टेनिसचे डॅन मॅस्कल आणि घोड्यांच्या शर्यतीचे पीटर ओ’सुलेव्हन यांचे काम त्याने जवळून न्याहाळले. विशेष म्हणजे तिघांपैकी एकही क्रिकेटचा नव्हता. गोल्फचा समालोचक खेळाडू चेंडू मारण्यापूर्वी गप्प बसतो. शर्यतीच्या समालोचकाला एकही शब्द वाया घालवून चालत नाही. ते वर्ग संपवून बेनॉ भारत-पाकिस्तानच्या दौऱ्यावर रवाना झाले, म्हणजे मद्रासचे ते सात बळी याच्या नंतरचे.

दुसरे शिक्षण वृत्तपत्रात झाले. सिडनीच्या ‘द सन’ या सायंदैनिकात त्यांनी खेळाच्या पानाऐवजी गुन्हेवार्तांचे काम मागून घेतले. पोलीस चौक्या, अपघात, न्यायालये. थोडक्या जागेत, ठरलेल्या वेळेत, खात्री करून घेतलेले तेवढेच लिहायचे. आम्हा बातमीदारांना या तपशिलाचे जरा जास्त कौतुक वाटते हे कबूल, पण त्यांच्या बोलण्यातील नेमकेपणा तिथूनच आला असे मानायला जागा आहे. १९६० मध्ये बीबीसी नभोवाणीवर आणि १९६३ पासून दूरचित्रवाणीवर ते दिसू-ऐकू येऊ लागले.

त्यांचे नियम साधे होते. पडद्यावर जे दिसते त्यात भर घालता येत असेल तर बोला, नाही तर तोंड मिटून बसा. मैदानातील संघाला ‘आम्ही’ म्हणू नका, कारण तुम्ही आता त्या संघात नाही. झेल सुटला म्हणून त्याला ‘शोकांतिका’ वा ‘आपत्ती’ म्हणू नका. टायटॅनिकचे बुडणे ही शोकांतिका, इथिओपियातील दुष्काळ ही आपत्ती, झेल सुटणे यांपैकी काहीच नव्हे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आजच्या समालोचन-कक्षात हे तीन नियम लावून पाहिले तर षटकामागे किती वाक्ये शिल्लक राहतील, हा प्रयोग वाचकांनी घरबसल्या करून पाहण्याजोगा आहे.

थोडे बोलणे म्हणजे बेचव बोलणे नव्हे. १९८१ ची हेडिंग्लेची कसोटी घ्या. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडकडून इयन बोथम यांनी नाबाद १४९ धावांची ती अचाट खेळी केली. त्यातील एका षटकाराच्या वेळी बेनॉ यांनी सांगितले की तो चेंडू शोधायच्या भानगडीत पडू नका, तो सरळ मिठाईच्या दुकानात शिरून पुन्हा बाहेर आला आहे. चेंडू उंच गेला, लांब गेला, हे सारे पडद्यावर दिसत होते. दिसत नव्हते ते मिठाईचे दुकान. भर घालायची ती अशी. अकराव्या क्रमांकाचा ग्लेन मॅकग्रा दोन धावांवर बाद झाला तेव्हा, शतक अवघ्या ९८ धावांनी हुकले, असे ते म्हणाल्याचा किस्सा तर क्रिकेटच्या लोकसाहित्यात जमा झाला आहे.

४ जून १९९३ रोजी मँचेस्टरला शेन वॉर्नने इंग्लंडमधील आपल्या कसोटीतील पहिल्याच चेंडूवर माइक गॅटिंगचा त्रिफळा उडवला. चेंडू लेगस्टंपच्या बाहेर पडला आणि ऑफस्टंप घेऊन गेला. समालोचनात बेनॉ होते. अतिशय सुंदर चेंडूने सुरुवात केली आहे, गॅटिंगला काय झाले याची मुळीच कल्पना नाही, आणि अजूनही ती आलेली नाही, एवढ्याच आशयाची वाक्ये ते बोलले. ती ज्या सावकाशीने उच्चारली गेली ती ऐकण्यासारखी आहे. मँचेस्टरच्याच मैदानावर ३२ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः पीटर मे यांना पायामागून चकवले होते. दुसऱ्या कुणी ही आठवण लगेच प्रेक्षकांच्या गळ्यात मारली असती. बेनॉ यांनी तो क्षण वॉर्नकडेच राहू दिला. वेगवान गोलंदाजीच्या लाटेत लेगस्पिन संपली असे मानले जात असताना त्यांनी तिची पाठराखण केली होती. बिल ओ’रायली यांनी आपल्याला दिलेला सल्ला, की एक जोरदार वळणारा लेगब्रेक पक्का कर आणि बाकीची करामत मागाहून शीक, त्यांनी वॉर्नपर्यंत पोचविला.

पॅकर, पैसा आणि परखडपणा

बेनॉ यांना संत ठरविण्याचे कारण नाही. १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी जगभरचे उत्तम खेळाडू करारबद्ध करून ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ उभे केले, तेव्हा बेनॉ आणि त्यांच्या पत्नी डॅफ्नी या योजनेचे सल्लागार होते. प्रस्थापित क्रिकेटच्या दृष्टीने हा द्रोह होता आणि काही जुन्या स्नेह्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. प्रकाशझोतातील सामने, पांढरा चेंडू, रंगीत पोशाख, खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना कॅमेरे ही आज गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट त्या बंडातून रुळली. त्याआधी दर दुसऱ्या षटकात प्रेक्षकाला फलंदाजाची पाठच पाहावी लागत असे. खेळाडूंना मोबदला मिळू लागला हेही खरे. पण पॅकर यांच्या वाहिनीवर बेनॉ पुढे साडेतीन दशके राहिले आणि मालकाच्या व्यापारी बाजूवर त्यांनी जाहीर टीका केल्याचे फारसे आठवत नाही. ही मर्यादा मान्य करायला हवी.

म्हणूनच १ फेब्रुवारी १९८१ चा प्रसंग महत्त्वाचा ठरतो. मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरी साधण्यासाठी अखेरच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू हाताखालून जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितले. नियमात तेव्हा त्याला बंदी नव्हती. खेळ संपल्यावर कॅमेऱ्यासमोर उभे राहून बेनॉ यांनी, आवाज तसूभरही न चढवता, ही कृती लाजिरवाणी असल्याचे आणि क्रिकेटच्या मैदानावर पाहिलेल्या अत्यंत वाईट गोष्टींपैकी ती एक असल्याचे सांगितले. पाठोपाठ त्यांनी एक गोष्ट जोडली, ती अधिक बोचरी होती. कर्णधाराचे गणित चुकले होते. डेनिस लिलीची षटके आधीच संपवून टाकल्याने शेवटचे षटक ट्रेव्हरच्या वाट्याला आले होते. म्हणजे निषेधही केला आणि त्यामागचे कारणही उलगडून दाखविले. टीका ज्याच्यावर होत होती तो त्यांच्याच देशाचा कर्णधार, प्रक्षेपण करणारी वाहिनी ज्याच्या लोकप्रियतेवर चालत होती असा खेळाडू.

आपल्याकडे हा प्रश्न आज जास्त बोचतो. भारतातील सामन्यांच्या प्रक्षेपणावर नियामक मंडळाचा वरचष्मा आहे आणि समालोचकांच्या निवडीत त्याचा शब्द चालतो. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना यादीतून अचानक वगळण्यात आले. २०२० मध्ये संजय मांजरेकर यांच्यावर तीच वेळ आली. दोघेही यथावकाश परतले, ही समाधानाची बाब. परंतु समालोचन-कक्षात बसलेल्या प्रत्येकाने त्यातून काय बोध घेतला असेल, हे सांगायला नको. हाताखालून चेंडू टाकण्याचा प्रसंग आज घडला, तर त्याला ‘लाजिरवाणा’ हा शब्द थेट प्रक्षेपणात कोण वापरील? बेनॉ यांना तो वापरता आला, कारण एरवी ते असा शब्द खर्च करीत नसत. रोज ओरडणाऱ्याच्या निषेधाला किंमत उरत नाही.

फुकट दिसणारे क्रिकेट

२००५ च्या ॲशेस मालिकेनंतर इंग्लंडमधील कसोटींचे थेट प्रक्षेपण मोफत वाहिनीकडून सशुल्क वाहिनीकडे गेले. बेनॉ तेव्हा ७५ वर्षांचे होत आले होते. आपण आयुष्यभर सर्वांना मोफत पाहता येणाऱ्या वाहिन्यांसाठी काम केले, या वयात त्यात बदल करणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी ब्रिटनमधील ४२ उन्हाळ्यांची दूरचित्रवाणी कारकीर्द थांबविली. पैशाचा प्रश्न नव्हता. पैसे न भरू शकणारा मुलगा क्रिकेट पाहणार कुठे, हा प्रश्न होता. आपल्याकडे २००७ मध्ये कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले, त्यामागे हीच चिंता होती.

१२ सप्टेंबर २००५ रोजी ओव्हलवर ते निरोपाचे चार शब्द बोलत होते. वाक्य चालू असतानाच मॅकग्राने केविन पीटरसनचा १५८ धावांवर त्रिफळा उडवला. बेनॉ यांनी आपला निरोप मध्येच थांबवून आधी बळीची नोंद केली आणि मग वाक्य पुरे केले. चार दशकांचा समारोपही त्यांनी चेंडूच्या आड येऊ दिला नाही.

त्याआधी २००४ मध्ये त्यांनी आपला सर्वकालीन अकरा जणांचा संघ जाहीर केला होता. जॅक हॉब्ज, डॉन ब्रॅडमन, गॅरी सोबर्स अशा नावांच्या त्या यादीत सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर हे दोन मुंबईकर होते. १९५० च्या दशकापासून जवळजवळ सारे क्रिकेट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने केलेली ती निवड होती. स्वतःला मात्र त्यांनी विचारातही घेतले नसावे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सिडनीत स्वतः जुनी मोटार चालवीत असताना अपघात होऊन त्यांना गंभीर इजा झाली. त्यानंतर ते नियमित समालोचनाकडे परतू शकले नाहीत. वर्षभराने त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाल्याचे त्यांनी सांगितले आणि तरुणपणी उन्हात टोपी न घालता खेळल्याचा दोष स्वतःकडेच घेतला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उसळता चेंडू लागून फिलिप ह्यूजचा मृत्यू झाला, तेव्हा श्रद्धांजलीच्या चित्रफितीला आवाज दिला तो आजारी बेनॉ यांनीच. शेवटी त्यांनी त्याला ‘सन’, म्हणजे बाळा, असे संबोधले. आयुष्यभर खेळाडूंना नावानेच पुकारणाऱ्या माणसाच्या तोंडी तो एक शब्द ऐकून अनेकांचे डोळे पाणावले.

ऑस्ट्रेलियात त्यांची नक्कलही खूप झाली. बिली बर्मिंगहॅम या विनोदी कलावंताने १९८० च्या दशकात त्यांच्या उच्चारांवर ध्वनिफिती काढल्या आणि ‘टू फॉर टू हंड्रेड अँड ट्वेंटी-टू’चे ‘च्यू फॉर च्यू हंड्रेड अँड च्वेंटी-च्यू’ शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले. २०१० च्या सुमारास काही मित्र पांढऱ्या केसांचे टोप आणि क्रीम रंगाचे कोट घालून, हातात खोटा मायक्रोफोन धरून सिडनी कसोटीच्या दुसऱ्या दिवशी प्रेक्षागृहात येऊन बसले. पुढच्या वर्षी त्यांची संख्या वाढली, आणि नंतर तर ती शेकड्यांत गेली. ‘रिचीज’ या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी बेनॉ यांच्या निधनानंतरही सिडनीला जमत राहिली. संघाची धावसंख्या दोन बाद २२२ वर पोचली की ते सारे एकसुरात ती मोठ्याने पुकारतात.